एकच मोशन सेन्सर लाइटलाही आणि सायरनलाही चालेल, की दोन वेगळे घ्यायचे?

मोशन सेन्सर घ्यायचा म्हटलं की पहिला हिशोब सगळ्यांच्याच डोक्यात हाच येतो, की माणूस आला हे त्याला कळतंच आहे ना, मग त्याच्यावरच लाइट लावू आणि सायरन पण लावू, एका खर्चात दोन कामं. आमच्या वाईकडच्या घरी अगदी हेच केलं होतं आणि वर्षाच्या आत सगळं काढून वेगवेगळं करावं लागलं. आणि पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मात्र आज एकच सेन्सर दोन्ही कामं करतोय आणि नीट करतोय. म्हणजे चूक किंवा बरोबर असं सरसकट काही नाहीये, घर कसलं आहे आणि रात्री त्या घरात कोण झोपतं त्यावर सगळं ठरतं. तुम्ही घ्यायच्या विचारात असाल तर दोन्ही बाजू बघून घ्या, मग पैसे घाला.

आधी वाईचं सांगतो. घर जुनं, पुढे ओटा, मागे परसदार, आणि संडास-बाथरूम परसात. आईला रात्री दोनदा तरी उठावं लागतं. गावात दोन-तीन चोऱ्या झाल्या म्हणून बाबांनी वायरलेस सायरनचा सेट बसवून घेतला, आणि बसवणाऱ्या मुलाने परसातला बल्ब पण त्याच सेन्सरवर जोडून दिला, मध्ये एक रिले टाकून, म्हणजे सेन्सरच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा छोटा स्विच. दिसायला झकास. पहिल्याच आठवड्यात आई म्हणाली, अरे जाताना लाइट लागते पण येताना लागत नाही, येताना मी अंधारातच येते. आम्हाला वाटलं सेन्सर खराब निघाला. बदलून आणला तरी तेच.

सेन्सर खराब नव्हताच. बॅटरीवर चालणारे अलार्मचे सेन्सर एकदा हालचाल कळवली की मुद्दाम झोपतात, बॅटरी वाचावी म्हणून. बऱ्याच मॉडेलमध्ये ही झोप दोन-तीन मिनिटांची असते, आणि काहींमध्ये तर तेवढा वेळ समोर काहीच हललं नाही तरच तो परत जागा होतो, म्हणजे माणूस समोर वावरत राहिला तर झोप अजून लांबते. चोरासाठी हे चालतं, कारण चोर एकदा कळला की काम झालं, पुढच्या दोन मिनिटांत तो परत परत कळवायची गरज नाही. पण लाइटला नेमकं उलटं लागतं. लाइटच्या सेन्सरने दर पावलाला नव्याने मोजायला पाहिजे, माणूस आहे, अजून आहे, अजून आहे, आणि शेवटच्या हालचालीपासून टाइम धरायला पाहिजे. एवढी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही आणि खोक्यावरही ठळक लिहिलेली नसते, त्यामुळे बॅटरीवाला सेन्सर लाइटसाठी घ्यायचा असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा की एकदा ट्रिगर झाल्यावर परत किती सेकंदांनी बघतो.

दुसरा त्रास सायरनचा. परसात मांजर आलं, सायरन. शेजारच्याची कुत्री भिंतीवरून आली, सायरन. सेन्सरच्या काचेवर, म्हणजे ती पांढरी प्लास्टिकची लेन्स असते ना त्याच्यावर, पाल बसली तरी सायरन, कारण इतक्या जवळून पालही त्याला मोठीच दिसते. दहा-बारा रात्री असं झाल्यावर बाबांनी रिमोटने सायरन बंद केला आणि मग तो बंदच राहिला. मला जास्त काळजी ह्याचीच वाटते. लांडगा आला रे आला ची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो तीच इथे होते, खोटं ओरडणारा सायरन घरातले लोकच बंद करून टाकतात आणि शेजारीही उठून बघायचं सोडतात, मग घरात सायरन असून नसल्यासारखा.

तर मूळ फरक हा आहे. लाइट चुकून लागली तर काय जातं, मिनिटभर नऊ वॅटचा बल्ब जळतो, काही पैसे सुद्धा नाही होत. पण लाइट लागायची राहिली तर म्हातारं माणूस पायरीवरून पडतं. सायरनचं बरोब्बर उलटं, चुकून वाजला की त्याच्यावरचा विश्वास जातो. म्हणून लाइटचा सेन्सर हळवा पाहिजे, जरा काही हललं की लगेच. आणि सायरनचा सेन्सर जरा संशयी पाहिजे, दोनदा खात्री करून मगच ओरडणारा. एकाच डबीत हे दोन्ही स्वभाव मावत नाहीत, तुम्ही सेन्सिटिव्हिटी वाढवली की सायरन वेडा होतो आणि कमी केली की लाइट उशिरा लागते.

आता सेन्सरचे प्रकार, कारण इथेही दुकानदार सगळ्याला मोशन सेन्सर म्हणूनच देतो.

पीआयआर म्हणजे जो सगळीकडे दिसतो, फुगीर पांढऱ्या भिंगाचा. तो स्वतः काहीच सोडत नाही, फक्त अंगाची उष्णता बघतो. भिंगामुळे समोरच्या जागेचे पंख्यासारखे पट्टे पडतात आणि उबदार अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की त्याला कळतं. म्हणून आडवं चालणारा माणूस त्याला पटकन कळतो आणि सरळ त्याच्याच दिशेने येणारा बराच जवळ आल्यावर कळतो. बोळाच्या टोकाला तोंड करून पीआयआर लावला आणि मग उशिरा लागतो म्हणून तक्रार केली तर त्यात त्याचा दोष नाही, तो बाजूच्या भिंतीवर घ्या, तुमची वाट त्याला आडवी गेली पाहिजे. साध्या काचेतून त्याला काही दिसत नाही, त्यामुळे खिडकीच्या आत बसवून अंगणावर नजर ठेवू असं डोक्यात असेल तर काढून टाका.

मायक्रोवेव्ह किंवा रडारवाला वेगळा. तो लहरी सोडतो, बहुतेक ५.८ गिगाहर्ट्झच्या, आणि परत आलेल्या लहरीत फरक पडला की हालचाल झाली असं धरतो. सरळ अंगावर येणारा माणूस ह्याला जास्त चांगला कळतो, पीआयआरच्या उलटं. शिवाय ह्याला भिंग लागत नाही, प्लास्टिकच्या शेडच्या आत लपवता येतो, म्हणून सोसायटीच्या जिन्यात आणि पार्किंगमध्ये जे आपोआप लागणारे बल्ब आणि ट्यूब असतात त्यातल्या पुष्कळांच्या आतच हा बसवलेला असतो. उन्हाळ्याचा त्याला फरक पडत नाही. पण काच, प्लायवूड, जिप्समचं पार्टिशन ह्याच्या पलीकडचंही त्याला कळतं, पातळ भिंतीतूनही थोडंफार कळतं. फ्लॅटच्या दाराजवळ आतून लावलात तर बाहेर पॅसेजमधून शेजारी गेले तरी तुमची लाइट लागणार. सीलिंग फॅन, वाऱ्याने हलणारा पडदा, प्लास्टिकच्या पाइपातून जाणारं पाणी, पत्र्यावरून पडणाऱ्या पागोळ्या, हे सगळं त्याच्यासाठी हालचालच. दिवाळीत गॅलरीत आकाशकंदील वाऱ्यावर डोलत असला की रात्रभर दिवा लागतो-विझतो, ते हेच. जिन्याच्या लाइटला हा उत्तम, पण सायरन एकट्या मायक्रोवेव्हवर कधीच टाकू नका, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

तिसरा नवीन आलाय, मिलिमीटर वेव्ह, २४ किंवा ६० गिगाहर्ट्झवाला. हा इतका बारीक बघतो की खुर्चीत शांत बसलेल्या माणसाची छाती श्वासाने हलते तेवढंही त्याला पुरतं. अभ्यासाची खोली, बाथरूम, देवघरात जप करत बसलेले आजोबा, जिथे माणूस आहे पण हलत नाही, तिथे पीआयआर दर पाच मिनिटांनी लाइट घालवतो आणि मग हात हलवत बसावं लागतं, तिथे ह्याला तोड नाही. महाग आहे, बहुतेकांना सारखी वीज लागते कारण बॅटरीवर तो फार टिकत नाही, आणि फॅन-पडद्याचा त्रास ह्यालाही आहे, ॲपमध्ये अंतराच्या सेटिंग करत बसावं लागतं. घरात कोणाला तेवढी हौस नसेल तर हा घेऊ नका.

पीआयआरबद्दल आपल्याकडचा एक मुद्दा वेगळा सांगायला पाहिजे, उन्हाळा. तो अंग आणि आजूबाजूचं ह्यांच्या तापमानातला फरक बघतो. थंडीत महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला तो लांबूनही पकडतो. पण नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी भिंती आणि फरशी माणसाच्या अंगाएवढ्याच तापलेल्या असतात, मग त्याला माणूस वेगळा दिसतच नाही, अंतर चांगलंच कमी होतं. चांगल्या कंपन्यांच्या अलार्म सेन्सरमध्ये ह्यासाठी तापमानाप्रमाणे सेन्सिटिव्हिटी आपोआप बदलायची सोय असते, स्वस्तातल्या लाइटच्या सेन्सरमध्ये बहुतेक नसते. तिकडे राहत असाल तर बाहेरच्या लाइटला मायक्रोवेव्ह किंवा दोन्ही एकत्र असलेला बघा, आणि पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीकडे पीआयआरचं तोंड नको.

दोन्ही एकत्र म्हणजे ड्युअल. एका डबीत पीआयआर पण आणि मायक्रोवेव्ह पण, आणि अलार्मवाल्या ड्युअलमध्ये दोघांनी हो म्हटलं तरच सिग्नल जातो. पागोळ्यांनी मायक्रोवेव्ह फसला तरी पीआयआर गप्प, ऊन-सावलीने पीआयआर फसला तरी मायक्रोवेव्ह गप्प. सायरनसाठी हे फार चांगलं. पण लाइटला हाच घेतला तर दोघांची खात्री होईपर्यंत तुम्ही दोन पावलं अंधारात चाललेले असता. काही लाइटवाल्या ड्युअलमध्ये उलटं असतं, दोघांपैकी एकाने पाहिलं तरी चालू. नाव एकच, वागणं वेगळं, त्यामुळे खोक्यावर ड्युअल वाचून खूश होऊ नका, आत कसं जोडलंय ते विचारा.

आता फ्लॅटमध्ये एक का चालतो ते. आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात साधारण साडेसात फुटांवर एक पीआयआर आहे, हबला जोडलेला, म्हणजे घरातले सेन्सर, लाइट आणि सायरन एकत्र चालवणाऱ्या डबीला. घरात असताना तो फक्त पॅसेजची लाइट लावतो. कुलूप लावून गावाला गेलो की मोबाइलवरून मोड बदलायचा, मग तोच सेन्सर सायरन वाजवतो आणि मेसेज पाठवतो. इथे हे जमतं कारण बंद फ्लॅटमध्ये मांजर नाही, पागोळ्या नाहीत, खिडकीच्या काचेमुळे बाहेरचं काही त्याला दिसत नाही, आणि कुलूपबंद घरात काहीही हललं तर ते खरोखरच वावगं आहे. तरी दोन गोष्टी बघूनच घ्या. एक म्हणजे हबने लाइटचा नियम घरातल्या घरातच चालवला पाहिजे, इंटरनेट गेल्यावर पॅसेजची लाइट लागत नाही असली सिस्टीम नको. दुसरं म्हणजे तो परत बघायचा वेळ, आमच्यातला कमी करता येतो, बॅटरी लवकर जाते पण ठीक आहे. घरात कुत्रा-मांजर असेल तर पेट इम्यून लिहिलेला मिळतो, तो खालच्या भागाकडे दुर्लक्ष करतो, जमिनीवरच्या कुत्र्याला ते पुरतं पण ओट्यावर उडी मारणाऱ्या मांजराला नाही पुरत.

पण घरात माणसं झोपलेली असताना रात्री चोराची भीती असेल तर? फ्लॅट असो की बंगला, इथे मोशन सेन्सर सायरनला उपयोगाचाच नाही, कारण पाणी प्यायला उठणारं आपलंच माणूस पहिलं सापडणार. तिथे दार-खिडक्यांना मॅग्नेटचे सेन्सर लावा, दार उघडलं तरच वाजणारे. स्वस्त असतात, खोटं क्वचितच बोलतात, आणि सायरनच्या पॅनेलवर, म्हणजे सगळा अलार्म चालवणाऱ्या मुख्य डबीवर, बहुतेक होम किंवा नाइट मोड असतो त्यात आतले मोशन सेन्सर बंद आणि दारं तेवढी जागी असं करता येतं. वाईला आता हेच आहे. सायरन पुढच्या-मागच्या दाराच्या मॅग्नेटवर, आणि आतल्या खोलीतला एक वायरवाला पीआयआर फक्त घर बंद असताना चालू. आई रात्री मागचं दार उघडते म्हणून त्या दाराला आत कडीजवळ एक बटण दिलंय, ते दाबून जायचं, मग काही मिनिटं ते दार गप्प राहतं. परसातल्या कुठल्याही सेन्सरवर सायरन नाही. तिथे फक्त लाइट, आणि मांजर आल्यावर लाइट लागली तर लागू दे, खरं तर अवेळी लागलेल्या लाइटमुळे बाबांना आतूनच कळतं की काहीतरी आलंय.

शेतावर किंवा गोठ्याजवळ असेल तर तेच. जुन्नर-आंबेगावकडे बिबट्याच्या भीतीने लोक गोठ्याला सेन्सरच्या लाइटी लावतात, तिथे जनावर आलं की लाइट लागायलाच पाहिजे, मग तोच सेन्सर सायरनला जोडून कसं भागेल. जंगलात वाघ मोजायला जे कॅमेरा ट्रॅप बांधतात त्यातही पीआयआरच असतो, त्याला माणूस आणि जनावर दोन्ही सारखेच उबदार.

सोलरच्या लाइटींबद्दल थोडक्यात. वायरिंग नको म्हणून सोप्या, वर्षातले आठ महिने छान चालतात, पण कोकणात किंवा वाई-महाबळेश्वरच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये ऊनच नाही तर चार्ज कुठून होणार, आणि नेमकं त्याच दिवसांत परसात चिखल आणि शेवाळं असतं. म्हाताऱ्या माणसाची वाट फक्त सोलरवर ठेवू नका.

विजेचं गणित पण करून बघितलं. नऊ वॅटचा बल्ब रोज १२ तास जळला तर वर्षाला साधारण ३९ युनिट. सेन्सर लावला आणि दिवा एकूण तासभरच जळला तर ३ युनिट, वर सेन्सर स्वतः अर्धा वॅट २४ तास खातो त्याचे ४ युनिट, म्हणजे सगळे मिळून ८ च्या आत. वाचले ३१-३२ युनिट. रात्रभर जळणाऱ्या दिव्याला फायदा आहे. पण ज्या खोलीची लाइट तुम्ही आठवणीने बंद करताच तिथे काहीच वाचत नाही, तिथे सोयीसाठी लावायचा तर लावा, बिल कमी होईल म्हणून नको.

वायरमनला बोलावण्याआधी बोर्डात न्यूट्रल आहे का बघून घ्या. लाइटच्या सेन्सरला फेज, न्यूट्रल आणि बल्बकडे जाणारी अशा तीन वायरी लागतात, जुन्या घरात जिन्याच्या बोर्डात बऱ्याचदा नुसती फेजच उतरवलेली असते. दोन वायरवाले सेन्सर मिळतात पण त्यावर छोटा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो किंवा लुकलुकतो. सेन्सरवर सूर्य-चंद्राच्या खुणांचं बटण असतं, चंद्राकडे फिरवलं की फक्त अंधारात चालू, आणि बल्बचा उजेड थेट सेन्सरवर पडत असेल तर तो दिवस समजून लाइट घालवतो, अंधार झाला की परत लावतो, त्यामुळे दोघांत अंतर ठेवा. वीज गेल्यावर सेन्सर मरतो, म्हणून वाटेवरचे दिवे इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. आणि वीज परत आली की पीआयआर जागा होईपर्यंत दिवा अर्धा-एक मिनिट आपोआप लागतो, घाबरू नका. सायरनच्या पॅनेलची बॅटरी मात्र चांगली ठेवा, नाहीतर वीज गेली की सायरनही मरतो. लेन्सवरची कोळ्याची जाळी महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसायची, एवढंच.

सगळं लावून झाल्यावर टेस्ट आपण करतो आणि तिथेच चुकतं. मी भरभर चाललो की लाइट पटकन लागायची, आई भिंत धरत हळू आली की दोन पावलं उशिरा. म्हणून रात्री तिलाच चालायला लावलं, तिच्या वेगाने, खाटेपासून परसातल्या दारापर्यंत, आणि लाइट जिथे लागली तिथे फरशीवर खडूने खूण केली. पहिली खूण पायरीच्या पलीकडे पडली. सेन्सर दाराच्या चौकटीवरून काढून डाव्या भिंतीवर आडवा घेतला, तेव्हा खूण पायरीच्या दोन फूट अलीकडे आली. मग तिला आत किती वेळ लागतो तो विचारून टाइम आठ मिनिटांवर ठेवला, आणि बाथरूमच्या आत वेगळा मायक्रोवेव्हवाला बल्ब लावला.

आता येतानाही लाइट असते.